कुंडातले केस

धुळ्याला आमच्या गल्लीत माझ्या हातांची चर्चा माझ्याआधी पोचायची. मनगटापासून कोपरापर्यंत दोन्ही हातांना इसब झालं होतं. कातडी लाल व्हायची, भेगा पडायच्या, मग खपल्या धरायच्या. डॉक्टरांचं मलम झालं, वैद्यांचा लेप झाला, कुणीतरी सांगितलेला कडुलिंबाचा काढा झाला. शेजारच्या काकू हळदीकुंकवाला बोलवायच्या, पण माझ्या हातून कुंकू लावून घ्यायची वेळ आली की "राहू द्या, मी लावते," म्हणून स्वतःच बोट बुडवायच्या. वाईट काही बोलायच्या नाहीत. फक्त करंड्याचं झाकण लगेच लावून टाकायच्या.

एकोणीसशे साठचं दशक संपत आलं होतं. यजमान सरकारी कचेरीत कारकून. त्यांच्या साहेबांनी सांगितलं, सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपड्याच्या पुढे गरम पाण्याचे झरे आहेत, पौषात महिनाभर तिथे राहून आंघोळ केली की कातडीचे रोग जातात. यजमानांनी सुट्टी मिळत नाही म्हणून मला मोठ्या नणंदेबरोबर पाठवलं. त्यांना सगळे अक्का म्हणायचे. अक्कांचं सासर शिंदखेड्याकडचं. मुलं मोठी झालेली, घरात सुना आलेल्या, त्यामुळे त्या कुठेही जायला मोकळ्या होत्या, आणि कुठेही गेल्या तरी पहिल्या दिवशी खोलीची कडी हलवून बघायच्या.

तिथे पोचल्यावर अक्कांनी कडी हलवली, खिडकीचे गज हलवले, शेजारच्या खोलीत कोण आहे ते डोकावून पाहिलं आणि मला हळूच त्यांच्या अहिराणीत म्हणाल्या, "बठ्ठा सारखाच शेतस आठे. कोनावर भरोसा ठेवू नको."

ते ठिकाण म्हणजे एक देऊळ, दोन धर्मशाळा, चहाची आणि शेव-चिवड्याची दुकानं, आणि मधोमध कुंड. कुंड म्हणजे दगडी बांधणीचा मोठा हौद. भोवती पुरुषभर उंचीची भिंत आणि एकच दार. एका बाजूला दगडी गोमुखातून कढत पाणी पडायचं. समोरच्या बाजूला भिंतीखालून मोरी होती, तिच्यातून जास्तीचं पाणी बाहेर चारीत जायचं. त्या चारीवर आम्ही बायका कपडे धुवायचो. पाण्याला थोडा वास होता, काडेपेटीची काडी ओढल्यावर येतो तसा. दोन दिवसांनी तो वास नाकाला कळेनासा व्हायचा.

रविवारी जळगाव, भुसावळ, अमळनेरकडून माणसं लोटायची. झाडाखाली कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजली जायची, भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्यांच्या पंगती बसायच्या. संध्याकाळी गाड्या भरून माणसं परत गेली की पत्रावळींवर कुत्री आणि मांजरं तुटून पडायची. सोमवारी तेही संपायचं. मग पुढच्या रविवारपर्यंत ती बिचारी धर्मशाळेच्या ओट्यांवर आमच्या तव्याकडे बघत बसायची. पौष संपला की माणसंही जायची आणि तिथली निम्मी दुकानं बंद व्हायची. जी कुत्री पौषात जन्मायची, त्यांतली फार थोडी पुढच्या पावसाळ्यापर्यंत टिकायची, असं चहावाल्याने मला सांगितलं.

या जनावरांना खायला घालायचं काम जे महिनाभर मुक्कामाला असायचे त्यांनी आपणहून उचललं होतं. कुणी नेमलं नव्हतं. सगळ्यांत जुन्या होत्या बोदवडच्या काकी. मूळ राजस्थानातलं जैन घराणं, बोदवडला धान्याचं दुकान. गुडघेदुखीसाठी त्या दर हिवाळ्यात यायच्या. मांजरांना दूध आणि कुत्र्यांना बाजरीच्या भाकरी हे त्यांचं ठरलेलं. दुसरे होते वरणगावचे आबा. साठीचे, उंच, वाकलेले, बोलायला तुसडे. ते दादर ज्वारीची कणी शिजवून घालायचे. बाकी चार-पाच जण यायचे-जायचे, आपापल्या खोलीतलं उरलंसुरलं आणून ओतायचे.

मी त्यात गेले ती वेळ जात नाही म्हणून. सकाळी कुंडावर आंघोळ झाली की दिवसभर करायला काही नसायचं. एक दिवस आमची उरलेली खिचडी घेऊन गेले, तर काकींनी माझ्या पातेल्यात वाकून वास घेतला.

"कांदा-लसूण आहे?"

"आहे थोडा."

"मग माझ्या भांड्यात नका टाकू. तिकडे वेगळं घाला."

आबा बाजूला उभे होते. ते म्हणाले, "कुत्र्याला कुठे कळतंय कांदा."

"कुत्र्याला नाही कळत. मला कळतं," काकी म्हणाल्या.

त्यामुळे तिथे तीन भांडी झाली. काकींचं पितळी पातेलं, आबांचं काळं पडलेलं जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, आणि आमचं. कुत्री तिन्हींत तोंड घालायची. पण काकी आबांच्या पातेल्याजवळून जाताना पदर आवरून घ्यायच्या. त्यांना संशय होता की रविवारी मागच्या ओढ्याकडे काही मंडळी मटण शिजवतात, त्यातली हाडं आबा गोळा करून कणीत घालतात. आबांना वाटायचं, काकी आपली जात काढताहेत. दोघंही ही गोष्ट मला सांगायचे. एकमेकांना कधी बोलले नाहीत.

कुत्र्यांत एक पिवळी कुत्री होती. पाठ आणि शेपटी खरजेने उघडी पडलेली, कानाच्या कडा सुजलेल्या. लोक तिला दगड मारायचे, कारण जो तो तिथे कातडीचं दुखणं घेऊन आलेला आणि तिच्याकडे पाहिलं की त्याला स्वतःचं आठवायचं. मला तर आठवायचंच. आबांनी तिला औषध लावायला घेतलं होतं. ते एका पत्र्याच्या डब्यातून पिवळी पूड काढायचे, करंजाच्या तेलात कालवायचे आणि चिंधी काठीला बांधून तिच्या पाठीवर फिरवायचे. ती उभी राहायची, थरथरायची, पण पळायची नाही.

अक्कांनी खिडकीतून ते पाहिलं.

"काय लावी राहिना तो?"

"औषध असेल."

"वरणगावना शे ना तो? तठे दारूगोळा बनस. काय माहीत काय भरेल शे डबामा."

मी हसले. पण दुसऱ्या दिवशी धर्मशाळेच्या नळावर तीच गोष्ट मला दोन अनोळखी बायांनी सांगितली. त्यात आता डबा कारखान्यातून आला होता आणि आबा तिथले मोठे कामगार होते. मी अक्कांना विचारलं, तुम्ही कुणाशी बोललात? त्या म्हणाल्या, मी कोणाशीच बोलत नाही.

मग मंगळवार उजाडला. आमच्यासारखंच महिनाभर राहायला आलेलं जळगावच्या एका वकिलांचं बिऱ्हाड होतं. वकिलांच्या पायाला काहीतरी झालं होतं. पुरुषांच्या आंघोळीच्या वेळेला ते कुंडात उतरले आणि तसेच ओरडत बाहेर आले. मुठीत केसांचा पुंजका होता. पिवळट, आखूड, राठ.

"हे काय आहे? हे माणसाचे केस आहेत?"

सगळे जमले. कुंडाची आणि दोन्ही धर्मशाळांची व्यवस्था बघणारे एक गृहस्थ होते, त्यांना नाना म्हणायचे. नाना धोतराचा सोगा सावरत आले, केस हातात न घेता वाकून पाहिले आणि म्हणाले, "कुत्र्याचे आहेत."

"म्हणजे खरुजलेलं कुत्रं कुंडात धुतलं कोणीतरी! आणि आम्ही त्याच पाण्यात!"

"वास बघा," मागून कोणीतरी म्हणालं. "पाण्याला त्या पुडीचा वास येतोय."

लोकांनी ओंजळी भरून वास घेतला आणि एकमेकांकडे पाहून माना हलवल्या. वास होताच. पहिल्या दिवसापासून होता. मी तसं म्हणायला तोंड उघडलं, तोच वकिलांच्या पत्नींनी माझ्या हातांकडे बोट केलं.

"या बाई रोज त्या कुत्र्यांत असतात. त्यांचे हात बघा ना."

"मला हे धुळ्यापासून आहे," मी म्हणाले.

"असेल," त्या म्हणाल्या. आणि दोन पावलं मागे सरकल्या.

नाना म्हणाले, "कुंडाला कुलूप असतं. किल्ली माझ्या कमरेला. भिंत चढून कुत्रं आत नेलं असेल तर ते करणारा माणूस तुमच्यातलाच आहे, खायला घालणाऱ्यांतला. मला नाव कळलं की बिऱ्हाड बाहेर काढीन. आणि पुन्हा केस सापडले तर कुत्र्यांचाही बंदोबस्त करीन."

बंदोबस्त म्हणजे काय ते कोणी विचारलं नाही. शहरात गोळ्या घालतात हे सगळ्यांना माहीत होतं.

त्या दिवसापासून तिथली हवाच बदलली. एकत्र उभं राहून खायला घालणं बंद झालं. जो तो वेगळ्या वेळेला, वेगळ्या कोपऱ्यात. काकी देवळामागे, आबा पिंपळाखाली, मी चारीच्या वरच्या अंगाला. आणि प्रत्येक जण दुसऱ्याच्या वेळेला तिथून सहज जात असल्यासारखा जायचा. काकी जपमाळ ओढत दोनदा माझ्यामागे आल्या. मी वळून पाहिलं की डोळे मिटायच्या.

मी स्वतः आबांवर डोळा ठेवला होता. सरळ कारण होतं. पिवळीला रोज हात लावणारे तेच, औषधाआधी तिला धुवायला हवं हेही तेच म्हणाले होते, आणि गरम पाणी दुसरीकडे कुठे मिळणार? त्यातच पुढच्या सोमवारी दुपारी ते कुंडाच्या मागच्या बाजूने येताना दिसले. धोतराची कड गुडघ्यापर्यंत ओली.

"कुठे गेला होतात आबा?"

"का? तुम्हाला सांगून जायचं का?"

"सहज विचारलं."

"सहज विचारणारे फार झालेत इथे," असं म्हणून ते निघून गेले.

मंगळवारी कुंडात पुन्हा केस सापडले.

वकिलांनी आपली गाडी बोलावून घेतली आणि ते जळगावला परत गेले. जाताना सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलून गेले. दोन बिऱ्हाडं आणखी उठली. नानांनी आबांना खोलीच्या दारात उभं करून डबा उघडायला लावला. मी तिथे होते. अक्काही होत्या. डब्यात पिवळी पूड होती.

"ही काय?"

"गंधक."

"कुठून आणली? कारखान्यातून?"

आबांनी डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाले, "कोणत्या कारखान्यातून? मी शिंपी आहे. भुसावळला दुकान होतं माझं. वरणगावचा कारखाना मी तुमच्याइतकाच लांबून पाहिलाय. गंधक चोपड्याच्या काष्ठौषधीच्या दुकानात मिळतं, कोणालाही देतात."

"हे आधी का नाही सांगितलं?"

"विचारलं कोणी?"

नाना म्हणाले, "शिंपी असाल. पण कुत्री धुणारे तुम्हीच." आणि निघून गेले. अक्का खोलीत आल्यावर म्हणाल्या की शिंप्याची बोटं बारीक असतात, याची जाड आहेत. मलाही त्या ओल्या धोतराचं कोडं सुटलं नव्हतं.

त्यानंतरचा सोमवार. रविवारच्या गर्दीने कुंड गढूळ व्हायचं म्हणून दर सोमवारी जेवणाच्या वेळेला ते रिकामं करायचे. तळाचा दट्ट्या काढायचा, पाणी सोडायचं, नानांचा माणूस आतून घासून काढायचा, दट्ट्या लावायचा आणि दाराला कुलूप घालायचा. मग संध्याकाळपर्यंत गोमुखातून कुंड भरत राहायचं, तोवर कोणाला आत प्रवेश नाही. वरच्या मोरीतून तोपर्यंत पाणी यायचं नाही, म्हणून चारीही जवळजवळ कोरडी असायची. त्यामुळे सोमवारी दुपारी कपडे धुवायला कोणी यायचं नाही. मीही येत नसे. त्या दिवशी आले, कारण सकाळी वाळत घातलेल्या लुगड्यांतलं अक्कांचं एक वाऱ्याने उडून चारीत पडलं होतं.

मी लुगडं उचलत होते. भिंतीच्या पायथ्याशी मोरीचं तोंड होतं, अंधारं, हात-दीड हात रुंद. त्यातून आधी एक नाक बाहेर आलं. मग कान. मग पिवळी सबंध बाहेर आली, ओली, पाठीवरून वाफ निघणारी. तिने अंग झाडलं, पाणी माझ्या तोंडावर उडालं. ती निवांत चालत उन्हात जाऊन आडवी झाली. तिच्यामागून एक काळं कुत्रं आलं. तेही ओलं.

मी वाकून मोरीत पाहिलं. आतल्या तोंडाला लोखंडी जाळी असायला हवी होती. एका बाजूला गंजलेले दोन तुकडे लोंबत होते. बाकी वाट मोकळी. आतून गोमुखाच्या पाण्याचा आवाज येत होता आणि तोंडावर उबारा येत होता. थंडीत कुडकुडणाऱ्या जनावराला याहून काय हवं? कोणीही त्यांना नेलं नव्हतं. ती आपणहून आत जात होती, कोमट दगडांवर बसत होती, पाणी वर येऊ लागलं की त्याच वाटेने परत येत होती.

मी तशीच पिंपळाकडे धावले. आबा कणी हलवत बसले होते.

"आबा, चला. कुत्री स्वतःच जातात आत. मोरीतून. आत्ता पाहिलं मी."

ते उठले नाहीत.

"तुम्ही पाहिलं ना? मग झालं."

"माझ्या एकटीच्या बोलण्यावर कोण विश्वास ठेवेल? तुम्ही बघा एकदा."

"म्हणजे मी तिथे उभा, शेजारी ओली कुत्री, आणि वरून नाना आले की काय दिसेल त्यांना?" त्यांनी पळी ठेवली. "तुम्हाला कोणी पाठवलं?"

"मला कोण पाठवणार!"

"मागच्या सोमवारी तुम्हीच माझं धोतर बघत होतात. मी ओढ्यावर भांडं घासायला गेलो होतो. दुसऱ्या दिवशी नाना माझ्या दारात."

मी त्यांना सांगितलं की मी नानांशी एक शब्द बोलले नाही. ते खरं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर मात्र काही फरक पडला नाही.

काकी देवळाच्या ओवरीत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग फार गोड आवाजात म्हणाल्या, "बेटा, असेलही. पण मी कशाला बघू? मी पाहिलं की मला खोटं नाही बोलता येणार. आणि खरं बोलले तर म्हणतील, बोदवडची बाई कुत्रेवाल्यांना सामील आहे." त्या जरा थांबल्या. "मला तर वाटत होतं की तुम्हीच नेता तिला. हातांसाठी. कुत्र्याचं औषध पाण्यात उतरलं की तुम्हालाही लागू पडेल म्हणून."

मला हसावं की रडावं कळेना. इतका लांबचा विचार मी कधी केला नव्हता.

शेवटी अक्काच आल्या. त्या आल्या त्याही माझ्यावर विश्वास ठेवून नव्हे. मी चारीवर कोणाला भेटते ते बघायला त्या आधीच निघाल्या होत्या, आणि वाटेत मी सापडले. आम्ही दोघी बाभळीआड उभ्या राहिलो. उन्हात पडलेल्या पिवळीला थोड्या वेळाने पुन्हा थंडी वाजली असावी. ती उठली, इकडेतिकडे पाहिलं, चारीत उतरली आणि वाकून मोरीत शिरली. शेपटीसुद्धा दिसेनाशी झाली.

अक्कांनी पदर खोचला. "चाल."

"कुठे?"

"नानाकडे."

नाना जेवून ओट्यावर पान लावत होते. अक्का त्यांच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. "कुत्री सोताच जास मझार. मोरीमाईन. मी मन्हा डोयाघाई दखं."

"काहीतरीच काय," नाना म्हणाले. "मोरीला जाळी आहे."

"जाळी तुटली आहे," मी म्हणाले. "गंजून गेली आहे."

नानांनी पान अर्धवट ठेवलं. त्यांचा कुंड घासणारा माणूस तिथेच खांबाला टेकून बसला होता. त्याने खाली पाहिलं. अक्कांच्या नजरेतून असं काही सुटत नसे.

"याले माहीत शे," त्या म्हणाल्या. "इचारा याले."

तो माणूस म्हणाला, "पावसाळ्यातच गेली जाळी. मी सांगितलं होतं."

"कोणाला सांगितलं होतंस?" मी विचारलं.

त्याने नानांकडे पाहिलं. तोवर आजूबाजूच्या खोल्यांतून माणसं बाहेर आली होती. आबाही आले होते, लांब उभे. काकी ओवरीच्या पायरीपर्यंत आल्या होत्या.

नानांनी घसा खाकरला. "जाळी तुटली असेल. पण मुकं जनावर आपणहून एवढ्या अरुंद मोरीत शिरत नाही. त्याला कोणीतरी शिकवलं असणार. पहिल्यांदा कोणी नेलं, ते सांगा."

मी थक्क झाले. मला वाटलं होतं, आता सगळे चारीवर जातील, बघतील आणि विषय संपेल. पण लोक तिथेच उभे राहिले आणि माना डोलावू लागले. एक जण म्हणाला, हो, शिकवल्याशिवाय कसं? दुसरा म्हणाला, खाण्याचं आमिष दाखवून. त्यांतल्या कितीतरी जणांनी गेल्या पंधरा दिवसांत एकमेकांची नावं घेतली होती. आता कोणाचंच नाव नाही म्हटल्यावर त्यांना ते सोयीचं वाटेना.

आबा पुढे आले. त्यांचा आवाज चढला नाही.

"नाना, तुम्ही सगळ्यांसमोर माझा डबा उघडायला लावला. आता मोरी उघडी आहे, ती बघायला चला."

"बघू उद्या."

"आत्ता चला. ती आतच असेल."

नाना उठले नाहीत. ते म्हणाले की जेवण झालंय, उन्हात जायचं नाही. आबा वळून निघून गेले. त्यांच्यामागून जायला मी निघाले, तर अक्कांनी माझा दंड धरला. लोकांसमोर कोणाच्या मागे जायचं नाही, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

नवी जाळी मात्र दोन दिवसांत बसली. कधी बसवली ते कोणी पाहिलं नाही. सकाळी चारीवर गेलो तर मोरीच्या तोंडाला चांगली जाड जाळी होती, काळा रंग अजून हाताला लागत होता. नानांनी त्याबद्दल एक शब्द काढला नाही. आबांची माफी मागणं तर दूरच. कुंडात पुन्हा केस सापडले नाहीत, आणि ती गोष्टही लोकांनी आबांच्याच खात्यावर टाकली. पकडले गेले म्हणून थांबले, असं नळावर ऐकलं.

पिवळी काही दिवस जाळीसमोर जाऊन बसायची. संध्याकाळी कुंड भरून मोरी वाहू लागली की गरम पाणी तिच्या पायांखालून जायचं, ती त्यातच पोट टेकायची. एकदा मी पाहिलं, आबा तिथे चारीच्या काठाशी दगड रचत होते. दगड रचले तसं पाणी अडलं आणि एक लहानसं डबकं झालं, कुत्री बसू शकेल एवढं. मी जवळ गेले आणि दोन दगड उचलून दिले. त्यांनी घेतले.

थोड्या वेळाने ते म्हणाले, "खरं सांगू? मला वाटलं होतं तुम्हीच आहात."

"मलाही वाटलं होतं की तुम्हीच."

"अजून वाटतं?"

"नाही."

त्यांनी माझ्याकडे बारीक नजरेने पाहिलं. मी खरं बोलतेय की नाही ते तपासत असावेत. मग दगड लावू लागले. धर्मशाळेच्या खिडकीत अक्का उभ्या होत्या, आणि ओवरीच्या खांबाआड काकींच्या पांढऱ्या लुगड्याचा काठ दिसत होता.

पौष संपता संपता माझ्या हातांच्या खपल्या निघाल्या, खाली कोवळी गुलाबी कातडी आली. पाण्याचा गुण की धुळ्यापासून दूर राहिल्याचा, मला सांगता येणार नाही. पिवळीच्याही पाठीवर बारीक लव दिसू लागली होती. निघायच्या दिवशी काकींनी मला खाकऱ्यांची पुडी दिली. अक्कांनी ती एसटीत उघडून, वास घेऊन, एक तुकडा आधी स्वतः खाऊन पाहिला. धुळ्याला शेजारच्या काकूंनी माझे हात धरून उलटेपालटे केले आणि कुठल्या औषधाने बरं वाटलं ते विचारलं. मी पाणी म्हटलं. त्यांना वाटलं, मी खरं औषध लपवतेय.

पुढच्या हिवाळ्यात मी पुन्हा गेले. आता हातांना काही नव्हतं. अक्कांचे सांधे धरले होते. काकी आणि आबा दोघंही आलेले होते, दोघांची दोन पातेली दोन टोकांना होती. नवी तीन पिल्लं दोन्हीकडे पळत होती. पिवळी दिसली नाही.

नानांना विचारलं. ते म्हणाले, पावसात मेली. आबांना विचारलं. ते म्हणाले, नानांनी तिला लाकडं भरलेल्या ट्रकमध्ये घालून चोपड्याकडे पाठवलं, चहावाल्याने पाहिलंय. चहावाला म्हणाला, मी ट्रक पाहिला, कुत्री नाही पाहिली. काकींनी मला बाजूला घेऊन सांगितलं की डोंगराकडचं एक कुटुंब मोहाची फुलं विकायला आलं होतं, जाताना ती त्यांच्या पोरांमागून चालत गेली, आणि त्या माणसांनी तिला हाकललं नाही.

"तुम्ही पाहिलंत?" मी विचारलं.

"मी कशाला खोटं बोलू?" काकी म्हणाल्या.

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटले नाहीत. मी मग त्यांच्या पातेल्यापासून चार हात दूर आमचं पातेलं ठेवलं आणि पिल्लांना बोलावलं.